ओवाळणीतला चार्जर

आमच्याकडे कार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाड्या बघून आमच्या निम्म्या कामथडी गावाचा समज झालाय की अजितला लॉटरी लागली. अजित म्हणजे माझा नवरा. शिरवळच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि त्याच्याकडे विजेवर चालणारी एक स्कूटर आहे. ती घेतली तेव्हा तिच्यापुरता चार्जिंगचा साधा पॉइंट काढून घ्यायचा की नाही? नाही. यानं कारला चालेल असा दणकट पॉइंट काढून घेतला, त्याला वेगळी जाड वायर, वेगळी पेटी, वेगळा खटका. उद्या कार घ्यायची झाली तर पुन्हा भिंत फोडायला नको, म्हणाला. कार घ्यायला जे लागतं ते भिंतीत नसतं, हे मी म्हणाले नाही, कारण तेव्हा मी जरा कमी बोलायचे. कार काही आली नाही. पॉइंट आला आणि पॉइंटामागून पाहुणे आले.

आमचं घर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून आहे. इतकी वर्षं सगळे नातेवाईक याच घरावरून साताऱ्याला गेले, महाबळेश्वरला गेले, भोरला लग्नांना गेले, पण कुणाचा ब्रेक कधी आमच्या दारात लागला नाही. कारण विचारलं की एकच उत्तर, हायवेला ट्रॅफिक फार. जणू आमच्या दारासमोर जो रस्ता जातो तो हायवे नव्हताच.

माझ्या सासूबाई, धोंडाबाई, यांना मी आत्या म्हणते. त्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतात. पायात चप्पल, शेजारी काठी, तोंड हायवेकडे. त्यांचं माहेर आंबवड्याचं. माहेरात आता उरलाय तो एक धाकटा भाऊ, रामभाऊ. रामभाऊमामा पुण्यात सरकारी कचेरीत होते, निवृत्त होऊन धनकवडीत राहतात. आंबवड्याला त्यांनी बंगला बांधायला काढलाय, म्हणजे महिन्यातून दोनदा तरी ते आमच्या दारावरून जात. आत्यांना त्यांच्या जुन्या गाडीचा रंग पाठ होता. गाडी गेली की त्या म्हणायच्या, रामा गेला वाटतं. एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायच्या.

भाऊबीजेची ओवाळणी मामा मोबाईलवर पाठवत. आत्या मला मेसेज मोठ्यानं वाचायला लावायच्या, मग तबक देवापुढं फिरवून ठेवून द्यायच्या. मला ते बघवायचं नाही. म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम भांडी घासायला बसायचे.

आणि मग मामांनी इलेक्ट्रिक कार घेतली.

पर्यावरणासाठी घेतली, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. पर्यावरणाचं भलं झालं, पण चार्जिंगचं काय हा विचार राहून गेला. त्यांच्या सोसायटीत पार्किंगला पॉइंट द्यायचा की नाही यावर सभा चालू आहे, ती संपेपर्यंत गाडी जुनी होईल. आंबवड्याच्या बंगल्याला अजून मीटर मिळालेला नाही. राहिला हायवेवरचा चार्जर, तर तिथं रांग, आणि दर असा की मामांच्या तोंडून पर्यावरणाचं नावच निघेना. अशा वेळी माणसाला रक्ताची नाती आठवतात.

त्याच सुमाराला आमच्या घरी स्मार्ट मीटर बसला. जुना मीटर चांगला चालला होता, पण तो स्मार्ट नव्हता म्हणे. बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच जी वीज वापराल ती युनिटमागं स्वस्त पडेल, कारण त्या वेळात सूर्याची वीज भरपूर असते. भाटघरच्या धरणावर वीज तयार होते असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. हाकेच्या अंतरावरच्या त्या धरणानं कधी आमच्यावर मेहेरबानी केली नाही, आता कोट्यवधी मैलांवरचा सूर्य करणार होता. घ्या.

आता नऊ ते पाच घरात असतं कोण? अजितची स्कूटर सकाळी शिरवळला जाते आणि सवलत संपली की परत येते. सरकारनं ही सवलत ज्यांच्यासाठी काढली ते सगळे त्या वेळात सरकारी नाहीतर खाजगी कचेऱ्यांत बसलेले असतात. घरात उरतात म्हाताऱ्या आणि सुना. पण मला काही तक्रार नव्हती, उलट मी मनातून खूश होते, कारण माझा ओव्हन होता.

मी नानकटाई करते. आधी घरापुरती करायचे, मग नसरापूरच्या एका दुकानदारानं ठेवून बघितली, ती खपली, मग मोठा ओव्हन घेतला. तो वीज पितो, हे खरं. म्हणून मी ठरवलं की सगळं भाजायचं काम नऊ ते पाच. दिवाळीच्या ऑर्डरी आतापासूनच येऊ लागल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारचं आणि माझं वेळापत्रक जुळलं होतं.

तेवढ्यात अजितला आनंद झाला. त्याला आनंद झाला की तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो. त्यानं लिहिलं, आमच्याकडे दिवसा वीज स्वस्त, पोर्चमध्ये कारचा पॉइंट आहे, कधीही या. आता कधीही या हे आपण सगळेच म्हणतो. कुणी यावं म्हणून कोण म्हणतं?

पुढच्याच शनिवारी नऊच्या ठोक्याला मामा दारात. आत्या खुर्चीतून उठताना काठी विसरल्या. रामा आला, रामा आला, करत त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मामांनी तोवर डिकीतून वायर काढून पॉइंटात खुपसली. मग बहिणीच्या पाया पडले. क्रम मी नीट पाहिला.

तेव्हापासून मामा नेमानं येऊ लागले. आमचा पॉइंट संथ. गाडी भरायला दुपार उलटते. त्यामुळे आधी चहा, मग पोहे, मग जेवण, मग पुन्हा चहा. मामा जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवतात, त्यात गाडी किती टक्के भरली ते दिसतं. आत्या सांगत असतात, आपल्या आईनं एकदा नागेश्वराच्या देवळात काय केलं होतं ते, मामा हं हं करतात आणि टक्के बघतात. टक्के पुरेसे झाले की उठतात. आई देवळाच्या पायरीवर असली तर पायरीवरच राहते. आत्यांची एकही गोष्ट तेव्हा शेवटाला गेली नाही.

मामांचं बघून इतरही आले. माझी नणंद सुलू महाबळेश्वरला जाताना आली आणि येतानाही आली. वन्संना भावाची इतकी ओढ आहे हे मला ठाऊक नव्हतं. पाहुण्याकडे विजेचे पैसे मागायची आपल्यात रीत नाही. चहाचे मागत नाही, तसे विजेचेही मागायचे नाहीत. फक्त चहा पिऊन कुणी भोरला जाऊन येत नाही, एवढाच फरक. बिलातलं युनिट एका मर्यादेपलीकडे गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर चढतो, सवलत सूर्याकडून मिळाली ती दर चढून गेली. अजित बिलाकडे बघून म्हणाला, माणसं जोडली गेली हे महत्त्वाचं. माणसं वायरीनं जोडली गेली होती, पण असो.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घराला मंजूर असलेल्या भारात कार आणि ओव्हन एकदम चालत नाहीत. दोन्ही लावले की सगळं घर बंद. मग काय बंद ठेवायचं? पाहुण्याची गाडी कशी बंद ठेवणार? ओव्हन घरचाच, सून घरचीच. मी भाजायला घ्यायचे संध्याकाळनंतर, सवलत संपल्यावर. तेव्हा गल्लीतल्या सगळ्या स्कूटरी घरी येऊन वायरीला लागलेल्या, कोपऱ्यावरची विजेची डीपी कण्हत असलेली, दिवे मिणमिणते. त्या दाबावर माझी नानकटाई फुगायची नाही, फिकी आणि बसकी निघायची. नसरापूरच्या दुकानदारानं एक डबा परत पाठवला, वर विचारलं, ताई, यात तूप बदललंत का? मला रडूच आलं. तूप तेच होतं.

त्यात दुसरंच सुरू झालं. मामा आले की पॉइंटाचा खटका पडू लागला. घरातले पंखे चालू, टीव्ही चालू, फक्त गाडीचं चार्जिंग बंद. मामांच्या मोबाईलवर टुण् वाजायचं, घास हातात धरून ते म्हणायचे, थांबलं वाटतं. मग अजितनं, तो कामावर असला तर मी, जाऊन खटका वर करायचा, तासाभरानं पुन्हा तेच. यात जायला तीन वाजायचे त्याचे पाच व्हायचे. दोष कुणाचा? ओव्हनचा. मी ओव्हनचं बटण दाबलेलंही नसायचं, पण ओव्हनचा लोड येतो, असं अजित छातीठोकपणे सांगायचा. वायरमन सोनबाला बोलावलं. त्यानं पेटी उघडली, बंद केली, चहा घेतला आणि तोही म्हणाला, वहिनी, ओव्हनचाच लोड. मामा मला समजावून सांगायचे, सूनबाई, घरात पाहुणा असताना एखादा दिवस भट्टी बंद ठेवावी. मी ती बंदच ठेवलेली असायची. पण सांगते कुणाला.

मग मी ठरवलं की एकदा स्वतः बघायचं. मामा जेवायला बसले, आत्यांनी भावाला आग्रह करून भात वाढायला लावला आणि तांब्या घेऊन बाहेर गेल्या, तुळशीला पाणी घालायला. आत्या तुळशीला पाणी सकाळी अंघोळीनंतर घालतात. भर दुपारी जेवणावरून उठून नाही घालत. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी तांब्या कठड्यावर ठेवला, इकडंतिकडं बघितलं, पायात चप्पल आहे ना हेही बघितलं आणि काठीच्या टोकानं पेटीचं झाकण उचलून खटका खाली पाडला. ओल्या हातानं बोर्डाला हात लावू नको, असं अजितनं त्यांना कितीदा बजावलंय. लेकाचा शब्द त्या मोडत नाहीत.

वळल्या तर दारात मी. दोघी तशाच उभ्या. आत तोवर टुण् वाजलं.

"तुळशीला पानी घालत हुते," आत्या म्हणाल्या.

तांब्या भरलेलाच होता. मी व्हय म्हटलं आणि आत आले.

राग आला नाही असं नाही. दोन महिने या घरात माझा ओव्हन आरोपी होता आणि खरा गुन्हेगार रोज माझ्या हातचा चहा पीत होता. पण त्या दिवशी मामांना निघायला संध्याकाळ झाली. कंटाळून त्यांनी मोबाईल उपडा ठेवला आणि आत्यांनी सुरू केलेली गोष्ट स्वतःच पुढं नेली, आई देवळाच्या पायरीवरून उतरली, वाटेत बैल आडवा आला, पुढं काय झालं ते. दोघं बहीणभाऊ हसून हसून पोट धरत होते. आत्यांचं हसणं मी या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. ते ऐकलं आणि अजितला सांगायचं मी विसरून गेले. खरं म्हणजे विसरले नाही, सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी मामांनी फोन केला. या वर्षी भाऊबीजेला मी स्वतः येणार, आणि अक्काला अशी ओवाळणी देणार की बघत राहील. आत्यांनी फोन ठेवला आणि तिथून चार दिवस घर डोक्यावर घेतलं. अनारसे त्यांनी स्वतः केले, माझ्या हातचे मामांना आवडत नाहीत म्हणून. तबक घासून घासून त्यात तोंड दिसायला लागलं. ओवाळणी काय असेल हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, त्यो येतोय न्हवं?

भाऊबीजेला मामा नऊला आले. आधी वायर लावली, मग आत आले. पाठोपाठ पुण्याहून आणलेला एक मिस्त्री, हातात ड्रिल मशीन. आत्यांनी पाट मांडला, ओवाळलं, मामांनी डिकीतून एक खोकं आणून तबकाशेजारी ठेवलं. चमचमता कागद, वर रिबीन. आत्यांच्या हातानं काही ती सुटेना, मी सोडली. आत चार्जर होता. भिंतीवर बसवायचा, जलद.

अजित गालातल्या गालात हसत होता. मामांनीच सांगितलं की वाढीव भारासाठी अर्ज अजितनं आधीच केलाय, मंजुरी आली आहे, मिस्त्री आज बसवूनच जाईल. सगळं बहिणीच्या नकळत. मग खुशीत येऊन ते आत्यांकडे वळले.

"अक्का, आता सकाळी लावली की दोन तासांत गाडी फुल. मला जेवायला बी थांबाया नगं. तुझा सैपाकाचा तरास वाचला."

खरं सांगते, माझ्या मनात आलं ते असं: दोन तास गाडी, उरलेला दिवस माझा. वाढीव भार म्हणजे कदाचित दोन्ही एकदम. नऊ ते पाचची स्वस्त वीज, फुगलेली नानकटाई, नसरापूरच्या दुकानदाराचं बंद झालेलं तोंड. दोन महिन्यांत माझ्या फायद्याची झालेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती मामांनी स्वतःसाठी केली होती, हेही मी माफ करायला तयार होते.

आत्या चार्जरकडे बघत होत्या. त्यांनी त्याला हात लावला नाही. निरांजन विझायला आलं होतं, ते त्यांनी जरा सारखं केलं.

"किती येळ म्हनलास?"

"दोन तास. लई झालं तर अडीच."

"मंग ह्यो घिऊन जा रामा. माजी जुनीच वायर ऱ्हाऊ दे. तिला सांज हुती. तवर तू हितं बसतुस."

 मिस्त्री ड्रिल हातात धरून उभा होता, तो हळूच पोर्चमध्ये गेला. अजित मोठ्यानं सांगू लागला की आई, अगं टेक्नॉलॉजी आहे. मामा हसले. अक्का, तू बी ना, म्हणाले. पण ते हसणं काही जमलं नाही आणि ते लपवायला त्यांनी सवयीनं मोबाईल उचलला. टक्के बघितले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, सूनबाई, तू तरी समजाव तिला. तुझ्या भट्टीचा बी फायदा हाय यात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या सोडून सगळे.

"मामा, आत्यांना जुनाच बरा वाटतो तर ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. माझ्याच तोंडून हे निघालं यावर अजितचा विश्वास बसेना. माझाही बसला नाही.

खोकं परत डिकीत गेलं. मिस्त्रीला अनारसे देऊन एसटीला लावून दिलं. आम्ही जेवायला बसलो, पण घरात कसनुसं झालं होतं. मामा खाली मान घालून जेवत होते. तीनला निघतो म्हणाले, पोचायला अंधार नको. आत्या खुर्चीत बसून होत्या. नेहमीसारखी देवळाची, बैलाची गोष्ट नाही, आग्रह नाही. मोबाईलवरचे टक्के चढत होते आणि त्या पहिल्यांदाच तुळशीला पाणी घालायला उठल्या नाहीत. मनातलं तोंडावर बोलून झाल्यावर मग चोरून खटका पाडायला माणसाला लाज वाटते, तसं काहीतरी असावं.

मी हात धुतला आणि तांब्या भरला.

"आत्या, तुळशीला पाणी घालून येते."

आत्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग तांब्याकडे. मग खुर्चीला टेकवलेली काठी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

मी चप्पल घातली. बाहेर ऊन होतं, वीज स्वस्त होती, स्वयंपाकघरात माझा ओव्हन सकाळपासून गार पडला होता. मी परत आत आले तोवर टुण् वाजून गेलं होतं आणि मामा मोबाईलकडे बघत होते.

"थांबलं वाटतं," ते म्हणाले.

"ओव्हनचा लोड आला असंल, मामा," मी म्हणाले. "बसा निवांत."